झुलेखाबीसाठी व्हॅन

वापरलेल्या गाड्या बघत हिंडलं की किस्से मागायला जावं लागत नाही, अंगावर येतात. गाडी एक सांगते, मालक दुसरंच! आमच्या ह्यांचं रत्नागिरीत गॅरेज होतं. ते गेल्यावर पाना मी हातात घेतला. शाळा पाहिली नाही. इंजिनं खोलून शिकले. माझं निदान चुकलेलं अजून कोणी दाखवलेलं नाही!

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. सरकत्या दाराच्या व्हॅन तेव्हा कुठे जुन्या होऊन विकायला येऊ लागल्या होत्या. शेजारचे इब्राहिमभाई गल्फमध्ये ड्रायव्हरकी करून परतलेले. त्यांच्या झुलेखाबीचा डावा पाय ऑपरेशननंतर गुडघ्यात वाकेना. एसटीची पायरी चढवत नाही, रिक्षात पाय मावत नाही. तीन वर्षं माहेर नाही. माहेर आंजर्ल्याला, आणि तिथे तिच्या म्हाताऱ्या आईची नजर चाललेली.

"आक्का, व्हॅन बघा," इब्राहिमभाई म्हणाले. "आईला दिसतंय तोवर हिला न्यायचीय."

* * *

पहिली व्हॅन बंदराजवळची. मालक म्हणाला, "फक्त फॅमिलीनेच वापरलीय हो!"

मी मागची मॅट उचलली. खाली तारलीचे खवले, आणि बर्फाच्या खाऱ्या पाण्याने पत्रा असा खाल्लेला की भोकातून रस्ता दिसत होता.

"फॅमिली खवलेवाली दिसते तुमची!" म्हटलं.

* * *

दुसरी रंगाने नुसती चकाकत होती. मी पिशवीतून लोहचुंबक काढून दाराला लावलं. टपकन खाली! पत्र्याच्या जागी सगळी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली.

"तुमचं चुंबक बिघडलंय, आजी," मालक म्हणाला.

शेजारी त्याचीच सायकल उभी होती. तिला लावलं, गच्च बसलं. मी म्हटलं, "मग ही विका. हिच्यात लोखंड जास्त आहे!"

* * *

व्हॅन घेणाऱ्यांनो, एवढं ऐकाच. इंजिन पुढच्या सीटखाली असतं. गाडी थंड असतानाच सुरू करून बघायची. गरम इंजिन सगळे आजार लपवतं.

तिसरा मालक म्हणाला, "कालपासून हात लावला नाही. बघा, एका चावीत सुरू!" मी आधी सीटवर बसले. बूड भाजलं!

"कालपासून इथे कोंबडी बसवली होती काय?"

इब्राहिमभाई हसले. झुलेखाबी मात्र हसली नाही. परतताना एवढंच म्हणाली, "आक्का, अशीतशी असली तरी चालंल. एकदा जाऊन येण्यापुरती टिकली म्हणजे झालं."

मी ओरडले तिच्यावर. "घाटात बंद पडली तर तुला काय पाठीवर घेऊ?" घरी येऊन मात्र मला जेवण गेलं नाही.

* * *

चौथी पालीला, एका रिटायर्ड गुरुजींकडे. या वेळी झुलेखाबीलाही घेऊन गेलो; ओळखीच्या टेम्पोवाल्याने मागे गादी घालून आणली तिला.

गुरुजींची बायको आदल्या वर्षी वारली होती. व्हॅन अंगणात, पत्र्याच्या शेडखाली. आम्ही टेकायच्या आतच ते म्हणाले, "गाडी चांगली नाही. तेल पिते, ब्रेक लागत नाहीत, दार अडकतं. घेऊ नका."

असा मालक मी जन्मात पाहिला नव्हता!

मॅट उचलली: कोरडी ठणठणीत. चुंबक चिकटलं. सीट गार, आणि पहिल्या चावीला इंजिन मांजरासारखं गुरगुरलं. रस्त्यावर फिरवून ब्रेक पाहिले. दार लोण्यासारखं सरकलं.

"गुरुजी," मी म्हटलं, "आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलंत ना? हिच्यात एक खोट नाही. विकायची नसेल तर सरळ सांगा की!"

गुरुजी उपरण्याने आरसा पुसत राहिले.

तेवढ्यात इब्राहिमभाई झुलेखाबीच्या काखेत हात घालून तिला दारातून आत चढवायला लागले. ती कळवळली.

"अहो, असं नाही! असं नाही!" म्हणत गुरुजी घरात पळाले. आले ते एक बुटका पाट घेऊन, वर सायकलच्या टायरचा तुकडा ठोकलेला. तो त्यांनी दाराशी ठेवला, पायाने दाबून हलत नाही ना पाहिलं आणि आपला खांदा पुढे केला.

"हात इथे ठेवा. चांगला पाय आधी. घाई नाही."

झुलेखाबी चढली. बसली. तीन वर्षांत पहिल्यांदा गाडीत नीट बसली, आणि पदरात तोंड घालून रडली.

गुरुजींनी पाट तिच्या पायाशी आत सरकवला. दार ओढून घेतलं. मग खिशातून दुसरी चावी काढली आणि दोन्ही चाव्या इब्राहिमभाईंच्या हातात दिल्या.

"घाटात हळू हाका," म्हणाले. "वळणावर तिला गरगरतं."

झुलेखाबीला ते त्या दिवशी पहिल्यांदाच भेटत होते.

"हळूच नेईन, गुरुजी," इब्राहिमभाई म्हणाले.