बनियनवरचा मथळा

पार्सेहून वास्कोला मोटारसायकलने कामाला जायचो, तेव्हा थंडीत शर्टाच्या आत काय घालावं हा रोजचा प्रश्न असायचा. लोकरीची गंजी पहाटे ऊब द्यायची, पण दुपारी परतताना उन्हात टोचायची. म्हणून मी सुती बनियनवर, छातीशी, वर्तमानपत्र लावू लागलो. गोव्यात मराठी की कोकणी हा वाद तेव्हा पेटलेला, त्यामुळे ते मराठीच हवं हा माझा हट्ट. एकदा ते काढायचं विसरलो आणि घामाने शाई बनियनवर उतरली. बायकोने बनियन आरशासमोर धरून उलटा मथळा सुलट वाचला: ‘मराठी हीच आमची मायबोली.’

‘छातीवर खुशाल मिरवा,’ ती म्हणाली. ‘पण पहाटे अंगणात वारा झोंबला की आईला हाक मारता, ती “आवय गे” अशी कोकणीतच.’