प्रतिज्ञा जोडीनं द्यावी

कांताबाई मनवर यांनी चारशेच्या वर नवऱ्या मुलींना लग्नात प्रतिज्ञा दिल्या. नवरदेवाला एकदाही दिल्या नाहीत. ते काम देवरावांचं, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं होतं.

बोरी अरबच्या पुढं आठ किलोमीटरवर त्यांचं गाव. देवराव तीन एकरांत कापूस आणि तूर पेरायचे, आणि उन्हाळा लागला की पंचक्रोशीत बौद्ध पद्धतीनं लग्नं लावायचे. या लग्नात त्रिसरण, पंचशील झालं की वर पाच प्रतिज्ञा घेतो, मग वधू पाच घेते. बौद्धाचार्य पुढं सांगतो, ते मागून म्हणतात. पत्नीचा सन्मान करीन, घरचा अधिकार तिला देईन, अशा त्याच्या. घर नीट सांभाळीन, कामात आळस करणार नाही, अशा तिच्या.

महागावकडच्या एका लग्नात, सदतीस वर्षांपूर्वी, नवरी मुलगी माइकसमोर गप्प झाली. देवरावांनी पहिली प्रतिज्ञा तीनदा सांगितली. मुलीचे ओठ हलेनात. बायांमध्ये बसलेल्या कांताबाई उठल्या, मंचावर चढल्या, मुलीचा हात धरला आणि म्हणाल्या, "माह्याकडं पाह्य माय. माह्या मांगं म्हण." पाचही प्रतिज्ञा त्यांनी हातात कागद न धरता सांगितल्या. कागद असता तरी उपयोग नव्हता, त्यांना वाचता येत नव्हतं.

परतताना एसटीत देवरावांनी विचारलं, "तुले कवा पाठ झालं वो हे?"

"तुमी रोज आंघोळीच्या वक्ती बरळता. मले का ऐकू येत नाई?"

पुढच्या लग्नाला देवरावांनी त्यांना मुद्दाम सोबत नेलं, आणि मग तोच रिवाज झाला. देवराव वराला सांगायचे, कांताबाई वधूला. वर प्रतिज्ञा घेत असताना कांताबाई वधूची बोटं एकेक करून दाबायच्या, पहिली, दुसरी, तिसरी. त्यानं काय कबूल केलं ते मुलीच्या ध्यानात राहावं म्हणून. पत्रिकेवर दोघांची नावं छापून येऊ लागली. पुसदपासून दारव्ह्यापर्यंत लोक तारीख धरताना विचारायचे, "दोघंही मोकळे हायेत ना?"

देवरावांना या गोष्टीचा अभिमान होता. प्रत्येक लग्नात, सुरुवातीलाच, ते माइकवर सांगायचे, "प्रतिज्ञा जोडीनं द्यावी. दोघायचा संसार एकट्यानं कसा सांगावा?" लोक हसून मान डोलवायचे. त्यांच्या हाताखाली तयार झालेले तरुणही आपापल्या बायकांना मंचावर आणू लागले. पस्तीस वर्षांत हे वाक्य इतक्यांदा म्हटलं गेलं की ते देवरावांनीच काढलं होतं, कुठल्या ग्रंथात नव्हतं, हे लोक विसरले.

दोन वर्षांपूर्वी माघात, खळ्यावर तूर काढताना, देवराव बसले ते उठले नाहीत. कांताबाईंच्या बांगड्या कुणी फोडल्या नाहीत, कपाळाला कुणी हात लावला नाही. वस्तीत या गोष्टी पाळत नाहीत. देवरावांनीच त्यावर भाषणं केली होती.

उन्हाळा आला. फोन वाजला नाही. कांताबाईंना वाटलं, दुःखाचं घर म्हणून लोक थांबले असतील. दुसरा उन्हाळा आला तेव्हा त्यांनी घरी लग्न निघालेल्या एकाला रस्त्यात विचारलं. तो चप्पल घासत म्हणाला, "काकू, तुमाले कायले तरास? आन् दादाच म्हनत ना, जोडी पायजे म्हनून."

विधवा हा शब्द कुणीही उच्चारला नाही. कुणाला त्याची गरज पडली नाही.

यंदा लग्न घरातलंच निघालं. देवरावांच्या धाकट्या भावाची मुलगी मैत्रेयी, यवतमाळला दवाखान्यात नर्स. कांताबाईंना मूल नव्हतं. मैत्रेयी लहानपणी आईपेक्षा त्यांच्याच घरी जास्त जेवली. तिनं पुसदचं स्थळ पक्कं झाल्याच्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "प्रतिज्ञा मले मोठीमायच देईन. दुसरं कोनी नाई."

कांताबाई त्या दिवसापासून सकाळी गोठा झाडताना पाचही प्रतिज्ञा म्हणू लागल्या. विसरल्या नव्हत्या. आवाज मात्र बसला होता, तो मोकळा करायचा होता. लग्नात नेसायचं पांढरं लुगडं पेटीतून काढून त्यांनी उन्हात टाकलं.

लग्नाला बारा दिवस असताना मैत्रेयीची आई पुष्पा आली. आली ती ओट्यावर बसलीच नाही. उभ्यानंच म्हणाली, "बाई, त्यायच्याकडचे मानसं बोलून राह्यले का, लग्न जोडप्यानं लावलं पायजे. आपल्या घरचीच तं रीत हाय म्हनतेत."

"आन् तू काय म्हनतं?"

"मी काय म्हनू? दादाचंच वाक्य हाय. त्यायनं पत्रिकेत धम्मरत्नचं नाव टाकलं बी."

"धम्मरत्न चांगला हाय," कांताबाई म्हणाल्या. धम्मरत्नला देवरावांनीच शिकवलं होतं.

"थो हाय चांगला. पन त्याची बायको नवीन हाय, प्रेरणा. तिले काही येत नाई. मोबाईलवर पाहून वाचते." पुष्पानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मैत्रेयी आयकून नाई राह्यली, बाई. म्हनते, मोठीमाय नाई तं लगनच नाई. तुमीच सांगा तिले. तुमचं आयकन थे."

कांताबाईंना तेव्हा कळलं की पुष्पा का उभी आहे. मागायला आलेल्या माणसाला बसता येत नाही.

त्यांनी मैत्रेयीला फोन लावायला सांगितला. पुष्पानं लावून दिला.

"मैत्रेयी, आयक. जोडीच लागते."

"काहून? मोठेबाबा नाईत म्हनून तुले येत नाई का आता?"

"येते."

"मंग?"

"थेच म्हनत होते ना. पस्तीस वर्सं मी त्यायच्या बाजूले उभी राहून मान हालवली. आता मले नाई कसं म्हनता येईन?"

मग मैत्रेयी म्हणाली, "मोठेबाबा चुकले." आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी धम्मरत्न प्रेरणाला मोटारसायकलवर सोडून गेला. तिला शिकवण्याचं कांताबाईंनीच सुचवलं होतं. मैत्रेयीच्या लग्नात मोबाईल पाहून प्रतिज्ञा दिलेल्या त्यांना चालणार नव्हत्या. प्रेरणा पदवीपर्यंत शिकलेली, पाठांतर पक्कं, पण घाईनं बोलायची.

"मानूस मांगून म्हनते, हे ध्यानात ठेव. पोरगी रडत अशीन तं थांबाचं. तिचा दम सरला का मंग पुढचं."

"किती थांबाचं, मावशी?"

"तिच्या हातावरून समजते. हात धरला ना, का समजते."

दुसऱ्या दुपारी प्रेरणा म्हणाली, "तुमी नवरदेवाच्या म्हना, मी त्यावर बोटं दाबाची सवय करते." कांताबाईंनी आपला हात तिच्या हातात दिला. 'मी माझ्या पत्नीचा' इथपर्यंत आल्या आणि थांबल्या. पुढचं त्यांना पाठ होतं. पस्तीस वर्षं हातभर अंतरावरून ऐकलेलं. प्रेरणा वाट पाहत राहिली.

"थ्या माह्या नाईत," कांताबाई शेवटी म्हणाल्या. "तू घरी धम्मरत्नले म्हणाले लाव."

लग्न वैशाखातल्या रविवारी लागलं. पांढऱ्या कापडाचा मांडव, कूलर दोनच, दोन्ही वरपक्षाकडं वळवलेले. कांताबाई तिसऱ्या रांगेत बसल्या. धम्मरत्ननं माइक हातात घेतला आणि म्हणाला, "आमचे गुरुजी देवरावदादा सांगत, प्रतिज्ञा जोडीनं द्यावी." लोकांनी माना डोलावल्या. दोन-चार जणांनी वळून कांताबाईंकडं आदरानं पाहिलं.

वराच्या प्रतिज्ञा झाल्या. प्रेरणानं पाचही बोटं दाबली. मग मैत्रेयीची पाळी आली. ती पहिल्या प्रतिज्ञेला गप्प उभी राहिली. तिनं मांडवात नजर फिरवली, तिसऱ्या रांगेपाशी थांबवली. प्रेरणा थांबली, शिकवल्याप्रमाणे. मांडवात कुजबुज सुरू झाली. वराच्या मावशीनं मान उंच करून पाहिलं.

कांताबाईंनी बसल्या जागेवरून मान हलवली. म्हण. मैत्रेयीनं म्हटलं.

जेवणावळी उठल्यावर धम्मरत्न पाया पडायला आला. त्याच्या मागं प्रेरणा, घामानं भिजलेली, खूश.

"गुरुजी असते तं खूश झाले असते," तो म्हणाला.

"झाले असते," कांताबाई म्हणाल्या. "धम्मरत्न, तुले एक सांगू? तू जित्ता हाय तवरच लोकायले सांगून ठेव."

"काय, मावशी?"

"का प्रेरणा एकटी बी देऊ शकते. तुह्या मांगं. त्यायनं सांगाले पायजे व्हतं. चारशे लग्नात माइक त्यायच्याच हातात व्हता. थेवढं राहून गेलं त्यायच्याकडून."

धम्मरत्न अवघडला. "आजच्या दिवशी असं अभद्र कायले बोलता, मावशी?" प्रेरणानं मात्र नवऱ्याकडं पाहिलं नाही, कांताबाईंकडं पाहिलं. मग खाली. धम्मरत्न म्हणाला, "सांगतो. सांगीन ना." कुणीतरी त्याला फोटोसाठी हाक मारली.

पंधरा दिवसांनी महागावला धम्मरत्न आणि प्रेरणानं आणखी एक लग्न लावलं. प्रेरणानं त्याचा व्हिडिओ पाठवला तो मैत्रेयीच्या मोबाईलवर. मैत्रेयी माहेरी आलेली होती. तिनं तो ओट्यावर बसून कांताबाईंना लावून दिला. सुरुवातीलाच धम्मरत्नचा आवाज आला, आमचे गुरुजी देवरावदादा सांगत, प्रतिज्ञा जोडीनं द्यावी. त्यानंतर, प्रेरणा एकटीही देऊ शकते, हे जे यायला हवं होतं ते आलं नाही. सरळ त्रिसरण सुरू झालं.

"बंद करू का?" मैत्रेयीनं विचारलं.

"राहू दे."

त्या शेवटपर्यंत ऐकत बसल्या. वधूच्या प्रतिज्ञा आल्या तेव्हा त्यांचं एक बोट मांडीवर हलत होतं.

"तिसरीले दम बरोबर घेतला तिनं," त्या म्हणाल्या. "पयले घेत नोहती."