रुमालाखालचा हात

"मॅडम, हा कोर्स करून तुम्हाला नक्की काय हवंय?" ऑनलाइन एमबीएच्या प्रवेशासाठी फोन करणाऱ्या मुलीने विचारलं. पर्यायही तिनेच वाचून दाखवले: बढती, पगारवाढ, स्वतःचा व्यवसाय. मी म्हटलं, "स्वतःचा व्यवसाय." साफ खोटं. मला आमच्या आण्णांचा व्यवसाय हवा होता.

माझे वडील घोडेगावच्या बाजारात जनावरांची दलाली करायचे. तिथे भाव तोंडाने सांगत नाहीत. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा कळवायचा. ते शिकवा म्हणून मी किती मागे लागले! "आगं, बाईमानसानं परक्याच्या हातात हात द्यायचा व्हय?" एवढं बोलून ते गोठ्याकडे वळायचे. म्हशीशी मात्र तासभर गप्पा. मग मीही इरेला पेटले. म्हटलं, डिग्रीच आणून दाखवते, बघू कसे नाही म्हणतात. नगरला नोकरीला जाता-येता बसमध्ये लेक्चरं ऐकायची. वाटाघाटींचा धडा तर मी दोनदा ऐकला.

दुसऱ्या सेमिस्टरला आण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी रजा टाकून उशाशी बसले. ते डाव्या हाताने सारखी चादर माझ्या हातावर ओढायचे. मला वाटायचं, थंडी वाजतेय. मी ती त्यांच्या गळ्यापर्यंत घालायचे. मग चादरीखाली ते माझी बोटं दाबायचे, कधी दोन, कधी चार. मला वाटायचं, पेटके येताहेत. मी त्यांचा हात सोडवून तेल चोळायचे. ते चिडून तोंड फिरवायचे. आठ दिवसांत गेले.

दहाव्याला त्यांचे बाजारातले एक जुने जोडीदार आले. मी हे सांगितलं, तसा त्यांनी खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी दोन बोटं दाबली.

"आशी?"

मी मान डोलावली.

"पोरी, त्यो तुला शिकवीत हुता."

मी ओक्साबोक्शी रडले. राहिलेलं मी शिकवतो, म्हणाले बिचारे. पण मला ते त्यांच्याकडून नको होतं.

परवा त्या मुलीचा पुन्हा फोन आला. लेक्चरं का बंद केलीत, कोर्सकडून तुम्हाला आणखी काय हवं होतं?

या वेळी मी खरं सांगितलं. "वडिलांनी शिकवावं, एवढंच हवं होतं. त्यांनी शिकवायला घेतलं, तर मी त्यांचा हात सोडवत बसले."