तिसऱ्या वर्षाची टीम

मंचरहून लोणीला जाणाऱ्या एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. साठीच्या, अंगावर सुती साडी आणि पायांत कॅनव्हासचे बूट. कॉलेजच्या मुलींना तीस वर्षं बास्केटबॉल शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. बोलता बोलता त्यांचं मनगट चेंडू टाकल्यासारखं पुढं झुकायचं.

"पोरींचा हात बसायला दोन वर्षं लागायची," त्या म्हणाल्या, "अन् हात बसला की लग्न ठरायचं. त्याच पाच जणी तिसऱ्या वर्षी एकदा तरी मैदानात बघायच्या होत्या मला. ते काही झालं नाही."

त्यांची सगळ्यात चांगली खेळाडू निरगुडसरला दिली होती. लग्नानंतर भेट नव्हती, म्हणून त्या आज निघाल्या होत्या.

निरगुडसरच्या स्टॉपवर पदर खोचलेली एक उंच बाई उभी होती. मॅडम उतरताच ती पाया पडली. मग डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, आमची पोरगी यंदा कॉलेजात जाईल. लई उंच झालीय. तुमच्याच हाताखाली घालते. मधी लग्नाचं नाव न्हाई काढणार."

मी खिडकीतून पाहत होतो. निवृत्त झाल्याचं मॅडमनी सांगितलंच नाही.

"पाठव," त्या म्हणाल्या.