गुजरातेत धाडलेला ताप

पेठकडच्या डासांविषयी मी जे सांगते ते नाशकातल्या लोकांना पटत नाही. त्यांना वाटतं, बाई वाढवून सांगतात. बाकी सगळं मी वाढवून सांगते हे कबूल, पण डासांच्या बाबतीत उलट कमीच करून सांगते. एका संध्याकाळी दोन डासांनी दवाखान्याच्या आवारातली माझी कोंबडी उचलली आणि पार कुंपणापर्यंत नेली. तिथे टाकली, कारण कोंबडी माझ्याच वळणाची होती. भारी आणि तोंडाळ.

दवाखाना पेठच्याही पलीकडे होता, घाट उतरला की गुजरात लागतो त्या अंगाला. चार खाटा, एक डॉक्टर, एक नर्स. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. नाशकात माझ्याबरोबर शिकलेल्या मुलींपैकी कुणीच तिकडे जायला तयार नव्हतं. मी गेले, कारण मला कुणी विचारलंच नाही. रस्त्याला इतकी वळणं होती की बैलांना समोर आपल्याच गाडीचं मागचं चाक दिसायचं.

तिकडे हिवताप म्हणजे घरातलाच माणूस. पाऊस सरून नागली कापायला आली की पाड्यापाड्यांवर माणसं घोंगडी पांघरून उन्हात कुडकुडत बसलेली दिसायची. औषध होतं, कोयनेल. कडूजहर पांढरी पूड, कागदाच्या पुड्यांत बांधलेली. पण ती घ्यायला दवाखान्यात यायचं कोण? लोक भगताकडे जात. भगत अंगावरून मोरपिसं फिरवायचा, दुखणं मुठीत गोळा करायचा आणि दाराबाहेर झटकायचा. झटकल्यावर तीन दिवस तोंडात कडू घालायचं नाही, हा त्याचा नियम. कडू खाल्लं की गेलेलं दुखणं वाट ओळखून परत येतं. हा नियम मला माहीत होता. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

आमचे डॉक्टरसाहेब पुण्याकडचे, शिस्तीचे. सकाळी टेबलाशी बसायचे, रोग्याची वाट बघायचे आणि रोगी नाही म्हणून मला टेबल पुसायला सांगायचे. त्या टेबलाचा एक थर मीच झिजवला.

एका सकाळी एक म्हातारा आला. मी त्याच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवला, काढून वाचला आणि पारा उतरावा म्हणून नेहमीसारखा हात झटकला. म्हातारा उडी मारून बाजूला झाला.

"काय झालं, बाबा?"

"झटकताना सांगत जा ना, बाई. माझ्याच अंगावर आला असता परत."

शहाण्या नर्सने त्याला खाली बसवून समजावलं असतं. मी म्हटलं, "चुकलं, बाबा. आता सांगत जाईन." आणि कोयनेलच्या पुड्या त्याच्या हातात दिल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच्या पाड्यावरचे सातजण आले. आठवड्याभरात ओटीवर उभं राहायला जागा उरली नाही. आणि मी काय सांगू, माझ्या अंगात आलं. थर्मामीटरची नळी तोंडातून काढली की मी ती उन्हात धरायची, लोकांना पारा दाखवायची, "बघा, एवढा निघाला" म्हणायची. मग पश्चिमेच्या दाराशी जायची. "वाट सोडा रे." दोन्ही बाजूंना लोक भिंतीला चिकटायचे. तीन झटके, आणि शेवटच्या झटक्याला, "जा, गुजरातेत जा." लोक खूश. त्या दोन वर्षांत घाटाखालच्या लोकांना दुप्पट ताप आला असणार, आणि त्यांना अजून ठाऊक नाही कुणी धाडला ते.

साहेब आतल्या खोलीत असायचे. गर्दी आपल्या औषधाच्या गुणाने होते असं त्यांना वाटायचं, आणि मी ते वाटू दिलं. पुड्या वाटल्या जात होत्याच. किती पोटात जात होत्या, ते मी विचारलं नाही.

आश्विनात एक बाई आपल्या सातआठ वर्षांच्या मुलीला पाठीशी बांधून घेऊन आली. बाई माझ्याच वयाची होती, नवरा नव्हता, ही एकुलती पोर. पोरीला सडकून ताप होता, तरी माझ्या टोपीकडे बघून हसत होती. मी नळी लावली. पारा पार वर चढलेला होता, पण ओटीवर बाजारच्या दिवसाची गर्दी होती आणि सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी दाराशी गेले. तीन झटके मारले. पुड्या मुलीच्या आईच्या ओच्यात टाकल्या.

ती हळूच म्हणाली, "बाई, ताप तर तू झटकलास. मग आता हिला कडू चालंल का?"

किती सरळ प्रश्न. "चालेल, दिलंच पाहिजे" एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर नळीचं काय राहिलं असतं? लोक ऐकत होते. मी म्हणाले, "ताप गेला गुजरातेत. आता त्याला कडू काय नि गोड काय."

ओटीवर हशा पिकला. तीही हसली. माझी नजर पुढच्या रोग्याकडे वळली होती.

पोरीला घाम फुटला, ताप उतरला. हिवताप असा उतरतोच, एक दिवस सोडून परत चढायला. पाचव्या सकाळी ती बाई पोरीला घेऊन धावत आली. पोरीचे डोळे वर गेले होते, दातखीळ बसली होती. साहेबांनी सुई दिली, मी कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या. दुपार व्हायच्या आत पोर गेली.

साहेब हात धुऊन आले आणि त्यांनी पोरीच्या आईला विचारलं, "पुड्या दिल्या होत्यास?"

तिने कनवटीची गाठ सोडली. सगळ्या पुड्या तशाच होत्या, कागदाची घडीसुद्धा मोडली नव्हती.

मग साहेब जे बोलले ते मी लिहीत नाही. माणूस वाईट नव्हता, पोर वाचली नाही म्हणून तोल गेला होता. पण आपल्या पोरीला तूच मारलंस, या अर्थाचं ते बोलले, आणि मी तिथेच उभी होते. हातात ओली घडी घेऊन.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. आता सांगेल, मला वाटलं. सांग ना, नर्सबाईने मला असं असं सांगितलं म्हणून सांग. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "चुकलं माझं, साहेब."

मी घडी पिळून दोरीवर टाकली. सारखी करून टाकली, चारही टोकं जुळवून.

महिनाभराने मी तिच्या पाड्यावर गेले. अंगणात ती सुपात नागली पाखडत होती. मला बघून तिने बसायला घोंगडी टाकली.

मी म्हटलं, "त्या दिवशी साहेबांना माझं नाव का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तुला काढलं असतं." सूप खाली न ठेवताच ती बोलत होती. "मग आमच्या बायांचं कोण बघतं? तो साहेब तर हात पन लावत नाय."

"नळी ताप काढत नाही गं. किती आहे तेवढंच सांगते. मी खोटं बोलत होते."

तिने सूप मांडीवर टेकवलं. फोलं फुंकरीने उडवली. "मंग तेव्हा सांगायचं होतं," ती म्हणाली, आणि पाखडायला लागली.

त्याच संध्याकाळी मी साहेबांच्या टेबलाशी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. म्हातारा, पश्चिमेचं दार, गुजरात, तिचा प्रश्न, माझं उत्तर. आयुष्यात पहिल्यांदा एकही शब्द वाढवला नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला. दोन वर्षं ते माझ्या कोंबड्या आणि डास ऐकत आले होते.

"नर्सबाई," ते म्हणाले, "त्या बाईला मी फार बोललो, ते मलाही लागून राहिलंय. पण तिचा दोष आपल्या अंगावर घेण्यासाठी तुम्ही एवढी कहाणी रचावी, हे तुमचं मन मोठं म्हणून."

"साहेब, कहाणी नाही ही."

"जा आता, विश्रांती घ्या."

मला पुन्हा सांगता आलं असतं. ओटीवरच्या कुणालाही बोलावून साक्ष काढता आली असती. मी "बरं, साहेब" म्हटलं आणि बाहेर आले. वर्ष सरताना माझी नाशकाला बदली झाली, तेव्हा साहेबांनी माझ्या कागदावर लिहिलं, रोग्यांविषयी विशेष कळवळा. त्या शेऱ्यावर मला पुढची जागा मिळाली. त्या बाईचं नाव दवाखान्याच्या वहीत निष्काळजी म्हणून लिहिलेलं होतं. ते खोडायला मी परत गेले नाही.