फुलवंताच्या घरचा नवा भात

ये वो, अशी जवळ बस. इतक्या दिवसांनी तोंड दाखवतेस आणि वर मलाच विचारतेस, ‘आजी, काऊन गप्प?’ आज जे सांगून राहिली ते कोणालाच सांगितलं नाही — तुझ्या आजोबांनाही नाही.

गोंदियाला मामाकडे राहून मी मॅट्रिकला होते. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झालेली. वर्गात मुली दोनच — मी आणि फुलवंता. ती गोंडाची, आमच्या चिचगडजवळच्या टोल्यावरची, म्हणजे लहानशा वस्तीवरची. एका बाकावर बसायचो. मानवी भूगोल माझा आवडता — माणसं कुठं राहतात, काय पिकवतात, काय खातात. माझं पाठांतर पक्कं, तिचं कच्चं.

भादव्यात गावी गेलो तेव्हा तिच्या घरी नवं धान आलेलं. पहिला भात पूर्वजांपुढं ठेवल्याशिवाय त्यांच्यात कोणी तोंडात घालत नाही. तिच्या आईनं तो ठेवला, मग पळसाच्या पानावर मलाही वाढला. आमच्या घरी त्यांच्याकडचं पाणीही चालत नव्हतं. मी पोटभर जेवले, घरी बोलले नाही. — पण सांगायचं आहे ते हे नाही.

दिवाळीआधी तपासणीला साहेब आले. मला उभं केलं — जंगलातले लोक कसे जगतात? मी पुस्तकातलं धडाधड म्हटलं. शेती करत नाहीत, भटकतात, कंदमुळं खातात, अडाणी असतात. साहेब खूश. म्हणाले, “तू तर तिकडचीच. त्यांचं घर कधी पाहिलंस?”

फुलवंता शेजारीच होती. तिचा पदर माझ्या हाताला लागत होता.

मी म्हटलं, “नाही, साहेब.”

मधल्या सुट्टीत ती एवढंच बोलली, “आमच्या शेतातला, बांधीतला भात तुले कंदमूळ लागला का वो?” मी हसले. हो, हसले.

दिवाळीला गावी गेली ती परतलीच नाही. मॅट्रिकला बसली नाही. तिची आई पुढं बाजारात भेटली. म्हणाली, पोरगी म्हणते, तिथं मी कोणाजवळ बसू? मी पास झाले होते तेव्हा.

जेवल्याचं कळलं असतं तर बाबांनी शाळा सोडवली असती — हेच स्वतःला सांगत आले. पण साहेबांनी जेवलीस का, असं कुठं विचारलं होतं? पाहिलंस का, एवढंच. हो म्हणायला काय जात होतं? मला शाबासकी हवी होती. आणि तिच्या जवळची म्हणून दिसायचं नव्हतं. बस.

निघालीस? बरं. लवकर ये परत. पण मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नको.