डोंग्याचं राहिलेलं भाडं

मी चौथीच शिकले. शब्द चुकतील, अक्षरही वाकडं आहे. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

परवा लेकीनं मोबाइलवर ग्रीसमधली बोट दाखवली. माणसं एका बेटावरून शेजारच्या बेटावर चालली होती. मला माहेरच्या धरणातला डोंगा आठवला.

त्या डोंगेवाल्याचं नावही मला ठाऊक नाही. बाई चढली की तो खांद्यावरच्या दुपट्ट्यानं बसायची फळी पुसून द्यायचा. लग्न होऊन सासरी निघाले, तेव्हा मलाही दिली. पलीकडे उतरल्यावर नवऱ्यानं पैसे काढले.

"पोरीचं भाडं जातानी नाही घेत मी," तो मला म्हणाला. "माहेरी येशीन तवा दे वं माय."

"अन् नाही आली तं?" नवरा हसला.

"मंग बुडालो मी!"

त्याच वर्षी पूल झाला, डोंगा बंद पडला. मी एसटीनं येत-जात राहिले. लाजेनं त्याच्याकडे कधी गेलेच नाही. पुढे आई-बाप गेले, माहेर सुटलं.

काल मालेगावच्या बाजारात तो मासे विकताना दिसला. धीर करून दहाची नोट दिली.

"डोंग्याचं भाडं व्हय, बाबा. माह्या लग्नातलं."

त्यानं मला ओळखलं नाही. तरी बसायला फळी दुपट्ट्यानं पुसून दिली. पाच रुपये ठेवून पाच परत केले.

"फिटलं," तो म्हणाला. "आली वं माय माहेरी."